तापलेला घोट आणि अन्ननलिका : एका अभ्यासक्षेत्राची प्रस्तावना

१८९५ साली अमेरिकेत नऊ वर्षांच्या एका मुलाने शिंपल्यांच्या दाट, कढत सुपाचा मोठा घोट घेतला. त्याची अन्ननलिका आतून इतकी भाजली, की जखम भरता भरता नळीच कायमची बंद झाली. पोटाच्या भिंतीतून थेट जठरात उघडणारे छिद्र करून शल्यविशारदांनी त्याला जगवले. तो मोठा झाला, कष्टाची कामे करून पोट भरू लागला. जेवताना तो घास नीट चावून त्याची चव घेई आणि मग छिद्रात बसवलेल्या नळीच्या नरसाळ्यातून तो जठरात सोडी. पुढे न्यूयॉर्कमध्ये स्ट्युअर्ट वुल्फ आणि हॅरॉल्ड वुल्फ या डॉक्टरांनी त्याच छिद्रातून त्याच्या जठराचे दीर्घकाळ निरीक्षण केले. तो संतापला की जठराचे अस्तर लाल होई आणि आम्ल वाढे. घाबरला की तेच अस्तर फिकट पडे. १९४३ साली निघालेल्या ‘ह्यूमन गॅस्ट्रिक फंक्शन’ या ग्रंथामुळे हा माणूस ‘टॉम’ या नावाने वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना परिचित झाला.

टॉमने आपल्याला जठर शिकवले. त्याची अन्ननलिका मात्र एका वाक्यात संपते: सूप गरम होते, नळी भाजली, नळी बंद झाली. त्या एका वाक्यात काय काय दडलेले आहे, याचा शोध घेणारे हे क्षेत्र आहे. गरम पदार्थ गिळल्यावर घशाखालच्या नळीचे नेमके काय होते? एकदाच बसलेला जबर चटका आणि वर्षानुवर्षे रोज घेतलेला कढत चहा, या दोन गोष्टींचे एकमेकांशी काही नाते आहे का? वैद्यकाचे विद्यार्थी, गावोगावी दवाखाने चालवणारे डॉक्टर, परिचारिका आणि ज्यांना स्वतःच्या शरीराविषयी कुतूहल आहे असे वाचक, या सर्वांचे इथे स्वागत आहे. विषय लहान वाटतो, पण त्यात शरीररचना आहे, उष्णतेचे भौतिकशास्त्र आहे, मज्जातंतूंचे विज्ञान आहे, कर्करोगाचा शोध आहे आणि माणसांच्या खाण्यापिण्याच्या सवयीही आहेत.

आधी नळीची ओळख करून घेऊ. प्रौढ माणसाची अन्ननलिका साधारण २५ सेंटिमीटर लांब असते. एरवी ती मिटलेली असते आणि घास आला की उघडते. तिच्या वाटेत तीन जागा निसर्गतःच अरुंद आहेत. पहिली अगदी सुरुवातीला, पुढच्या दातांपासून सुमारे १५ सेंटिमीटरवर. दुसरी छातीत, जिथे महाधमनीची कमान आणि डावी श्वासवाहिनी तिला चिकटून जातात. तिसरी खाली, सुमारे ४० सेंटिमीटरवर, जिथे ती मध्यपटलातून पलीकडे जाते. पातळ द्रव बसलेल्या माणसात एक-दोन सेकंदांत खाली पोहोचतो. घट्ट घासाला आठ-दहा सेकंद लागतात आणि या अरुंद जागी तो क्षणभर रेंगाळू शकतो. आतले अस्तर त्वचेसारखेच अनेक थरांचे असते, पण त्वचेवर असतो तसा कडक, मृत पेशींचा संरक्षक थर त्यावर नसतो.

इथे एक कोडे समोर येते. १९४७ साली हार्वर्डमध्ये मॉरिट्झ आणि हेन्रिक्स यांनी त्वचा भाजण्याविषयी जे प्रयोग केले, त्यांवर आजचे भाजण्याचे शास्त्र उभे आहे. त्यांनी दाखवले की इजा तापमान आणि वेळ या दोघांच्या जोडीने ठरते. ४४ अंश सेल्सिअसला त्वचेला कायमची इजा व्हायला सुमारे सहा तास लागतात. त्यापुढे तापमान अंशाअंशाने चढते तसा लागणारा वेळ झपाट्याने घटतो आणि ६० अंशांना पाचेक सेकंद पुरतात. मग ६५-७० अंशांचा चहा रोज पिणाऱ्या माणसांच्या तोंडाची आणि घशाची साले का निघत नाहीत? कारण कपातला चहा आणि अन्ननलिकेपर्यंत पोहोचलेला चहा एक नसतो. आपण भुरका मारतो तेव्हा चहाबरोबर हवा आत ओढतो. जीभ, टाळू आणि लाळ त्याची उष्णता पिऊन घेतात. घोट लहान असेल तर तो वाटेतच निवतो.

१९७२ साली डी जोंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अन्ननलिकेत तापमापक ठेवून हे प्रत्यक्ष मोजले. ६५ अंशांची कॉफी प्यायल्यावर नळीच्या आतले तापमान ६ ते १२ अंशांनी वाढले, आणि ही वाढ किती होणार हे मुख्यतः घोट केवढा यावर अवलंबून होते. माझ्या मते या क्षेत्रातले सर्वांत महत्त्वाचे निरीक्षण हेच आहे. ‘किती गरम?’ हा प्रश्न एकटा अपुरा आहे. ‘केवढा घोट, किती घाईने, कोणत्या भांड्यातून?’ हे प्रश्न त्याच्यासोबत यायलाच हवेत. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्याने एवढी एक गोष्ट पक्की धरली, तर पुढचे बरेचसे आपोआप उलगडते.

दुसरी अडचण संवेदनेची. जीभ आणि ओठ उष्णतेची फार बारकाईने पारख करतात. अन्ननलिकेकडे तेवढे बारीक भान नाही. तिला जे जाणवते ते छातीच्या मधोमध, मोघम, आणि बऱ्याचदा उशिरा. शिवाय तोंड पोळले की माणूस सहजप्रवृत्तीने घास थुंकत नाही, चारचौघांत तर नाहीच. तो पटकन गिळून टाकतो. म्हणजे तोंडाची सुटका होते आणि तोच घास, फारसा न निवता, कमी जागरूक अवयवाच्या हवाली होतो. अन्ननलिकेच्या गंभीर चटक्यांमागे ही घाई असू शकते.

उष्णतेची जाणीव देणाऱ्या मज्जातंतूंवर टीआरपीव्ही-१ नावाचा ग्राहक असतो. डेव्हिड ज्युलियस यांनी तो १९९७ मध्ये शोधला आणि या कामासाठी २०२१ चे नोबेल पारितोषिक त्यांना आर्डेम पटापूटियन यांच्यासह मिळाले. हा ग्राहक सुमारे ४३ अंशांपुढच्या उष्णतेने जागा होतो आणि मिरचीतल्या कॅप्सेसिननेही. उष्णता आणि तिखट यांचा निरोप मेंदूकडे एकाच दारातून जातो. म्हणूनच झणझणीत मिसळीचा गरम रस्सा प्यायल्यावर छातीत आग होत असेल, तर ती तिखटाची की खऱ्या भाजण्याची, हे रुग्णाला सांगता येत नाही. तिखटाची आग काही वेळाने विरते. अस्तर भाजले असेल तर दुखणे टिकते आणि पुढच्या प्रत्येक घासाला पुन्हा डोके वर काढते. महाराष्ट्रात काम करणाऱ्या डॉक्टरने हा फरक विशेष लक्षात ठेवावा.

आता चटक्याचे रुग्णालयातले रूप. माणूस छातीवर हात ठेवून कॅज्युअल्टीत येतो. छातीत मधोमध दुखते आहे, घास गिळताना कळ येते, पाणीही नको वाटते. अशा वेळी आधी ईसीजी काढायचाच, यात दुमत नाही. हृदयविकार नाही याची खात्री होईपर्यंत दुसरा विचार करू नये. पण ईसीजी आणि रक्ततपासण्या ठीक आल्यावर रुग्णाला ‘ॲसिडिटी’ची गोळी देऊन घरी पाठवले जाते, आणि एक साधा प्रश्न विचारायचा राहून जातो: “काका, दुखायला लागायच्या आधी काही गरम गरम गिळलं होतं का?” रुग्ण स्वतःहून हे सांगत नाही, कारण गरम खाणे ही त्याच्या लेखी सांगण्यासारखी घटनाच नसते. या विकारात निदानाचा मोठा भाग त्या एका प्रश्नात असतो.

उत्तर ‘हो’ आले आणि दुखणे टिकून राहिले, तर दुर्बिणीची तपासणी, म्हणजे एंडोस्कोपी, केली जाते. काही रुग्णांत तिथे विलक्षण चित्र दिसते: अन्ननलिकेच्या उभ्या दिशेने आलटून पालटून पांढरे आणि लाल पट्टे. पाश्चात्त्य डॉक्टरांनी त्याला नाताळात मिळणाऱ्या पट्टेदार साखरकांडीचे नाव दिले. पांढरा पट्टा म्हणजे भाजून मेलेल्या अस्तराचा पडदा आणि लाल म्हणजे सुजलेला भाग. मिटलेल्या नळीच्या आत उभ्या घड्या असतात. गरम पदार्थ घड्यांच्या माथ्यांना अधिक टेकतो आणि खाचांना कमी, असे धरले तर पट्ट्यांचा उलगडा होतो. मला हे स्पष्टीकरण पटते, तरी ते तर्काच्या पातळीवरचे आहे हे वाचकाने ध्यानात ठेवावे.

बहुतेक रुग्ण बरे होतात, हे ठळकपणे सांगितले पाहिजे. आम्ल कमी करणारी औषधे, अस्तरावर लेप धरणारे सुक्राल्फेट, काही दिवस गार किंवा कोमट पातळ आहार, एवढ्यावर काही आठवड्यांत अस्तर पूर्ववत होते. नळी आवळली जाणे विरळा, आणि टॉमसारखी पूर्ण बंद होणे तर अतिशय दुर्मीळ. ॲसिड किंवा कॉस्टिक सोडा पोटात गेल्याने होणारी इजा कितीतरी अधिक भयंकर असते, कारण रसायन तिथे राहून पेशी जाळत राहते. त्या इजांची प्रतवारी करण्यासाठी जगभर वापरली जाणारी पद्धत झरगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चंडीगढच्या पीजीआयमधल्या कामातून १९९१ साली मांडली. भारतीय विद्यार्थ्याने ती मुळातून वाचावी. उष्णतेच्या इजेला तीच प्रतवारी सरसकट लावू नये, एवढेच सांगतो. उष्णता येते, चटका देते आणि निघून जाते.

दोन प्रसंगी मात्र जराही थांबू नये. गरम पेय घेतल्यावर लहान मुलाच्या तोंडातून लाळ गळू लागली, आवाज बसला किंवा श्वास घेताना घरघर येऊ लागली, तर स्वरयंत्रावरची झडप भाजून सुजलेली असू शकते. तिथे प्रश्न अन्ननलिकेचा राहत नाही, श्वासाचा होतो. आणि छातीत असह्य दुखणे, ताप, मानेच्या त्वचेखाली दाबल्यावर चुरचुर, ही नळीला छिद्र पडल्याची लक्षणे असू शकतात. दोन्ही वेळी तडक मोठे रुग्णालय गाठावे.

कोणते पदार्थ जास्त पोळतात, हेही मजेत शिकण्यासारखे आहे. धोका नेहमी वाफाळणाऱ्या पदार्थातच असतो असे नाही. बाहेरून निवलेला आणि आतून तापलेला पदार्थ जास्त फसवतो. उकडीच्या मोदकाची पारी हाताला कोमट लागते, पण आतले गूळखोबऱ्याचे सारण बराच वेळ चटका देण्याइतके गरम असते, आणि गुळाच्या चिकटपणामुळे ते जिथे टेकेल तिथे धरून राहते. नुकत्याच तळलेल्या बटाटेवड्याचे तेच. मायक्रोवेव्हमध्ये तापवलेल्या अन्नात उष्णता एकसारखी पसरत नाही. एक घास गार लागतो आणि पुढचा जीभ पोळतो. चीज, दाट सूप, खीर हे पाण्यासारखे झरकन वाहून जात नाहीत. ज्यांची अन्ननलिका आधीच अरुंद आहे किंवा तिचे आकुंचन बिघडले आहे, त्यांच्यात घास रेंगाळतो आणि मॉरिट्झ-हेन्रिक्स यांच्या हिशेबातला वेळ वाढतो.

इथपर्यंत एका चटक्याची गोष्ट झाली. रोजच्या उष्णतेची गोष्ट कॅस्पियन समुद्राच्या काठावर सुरू होते. १९७२ सालीच केमेट आणि महबूबी यांनी ‘सायन्स’मध्ये उत्तर इराणच्या किनारपट्टीतील अन्ननलिकेच्या कर्करोगाविषयी लेख प्रसिद्ध केला. त्या पट्ट्याच्या पूर्व भागात या रोगाचे प्रमाण जगातल्या सर्वांत जास्त प्रमाणांपैकी एक होते, आणि थोड्या अंतरावर पश्चिमेला ते झपाट्याने कमी होत जाई. पूर्वेकडे प्रामुख्याने तुर्कमेन वस्ती. तंबाखू आणि मद्य तिथे फारसे नव्हते, म्हणजे इतरत्र सहज बोट ठेवता येईल अशी कारणे इथे कमी पडत होती. लोक काळा चहा भरपूर पीत, अनेकदा दिवसाला लिटरभर, आणि कढत.

याच भागात २००४ ते २००८ या काळात गोलेस्तान अभ्यासाची उभारणी झाली. ४० ते ७५ वर्षे वयाचे ५०,०४५ लोक त्यात सामील झाले. त्यांच्या चहाचे तापमान मोजण्याची पद्धत मला फार आवडते. माणसासमोर एकाच वेळी दोन पेले भरायचे. एकात तापमापक ठेवायचा. तो ७५ अंशांवर आला की दुसऱ्या पेल्यातला घोट घ्यायला सांगायचे आणि विचारायचे: तुम्ही रोज एवढाच गरम पिता का? नाही म्हटले तर पाच अंश उतरेपर्यंत थांबायचे आणि पुन्हा विचारायचे. ‘गरम’ आणि ‘खूप गरम’ या शब्दांवर विसंबणाऱ्या जुन्या अभ्यासांच्या पुढे हा मोठा टप्पा होता. सुमारे २२ टक्के लोक ६५ अंश किंवा त्याहून गरम चहा पीत असल्याचे त्यातून कळले.

२००९ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये इस्लामी आणि सहकाऱ्यांनी त्याच भागातले ३०० रुग्ण आणि तुलनेसाठी ५७१ निरोगी माणसे यांची आकडेवारी दिली. कोमट चहा पिणाऱ्यांच्या तुलनेत गरम पिणाऱ्यांत धोका दुप्पट आणि अतिशय गरम पिणाऱ्यांत आठपट आढळला. चहा ओतल्यापासून दोन मिनिटांच्या आत पिणाऱ्यांत तो चार मिनिटे किंवा अधिक थांबणाऱ्यांपेक्षा पाचपटींहून जास्त होता. आजारी पडल्यावर माणूस आपल्या सवयी वेगळ्या नजरेने आठवतो, म्हणून असे आकडे जपून वाचायचे असतात. २०१९ मध्ये मूळ पन्नास हजारांच्या सुमारे दहा वर्षांच्या पाठपुराव्याचे निष्कर्ष आले. त्यांत तापमान आजाराआधीच मोजलेले होते, त्यामुळे ते जास्त भरवशाचे. ६० अंश किंवा त्याहून गरम चहा दिवसाला ७०० मिलिलिटर किंवा अधिक पिणाऱ्यांत धोका सुमारे ९० टक्क्यांनी जास्त दिसला. आठपटीवरून दुपटीच्या अलीकडे आलेला हा आकडा मला निराश करत नाही. मोजणी सुधारली तरी परिणाम पुसला गेला नाही, हे माझ्या लेखी अधिक वजनाचे आहे.

२०१६ च्या मे महिन्यात फ्रान्समधील लिऑन येथे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १० देशांतले २३ शास्त्रज्ञ बोलावले. त्यांनी ६५ अंशांपेक्षा गरम पेये ‘बहुधा कर्करोगकारक’ या २-ए गटात टाकली. त्याच बैठकीत कॉफीवरचा १९९१ पासूनचा संशयाचा शिक्का निघाला, आणि दक्षिण अमेरिकेतले माते हे पेयही फार गरम नसेल तर दोषी धरण्याइतका पुरावा नाही असे ठरले. म्हणजे दोष पानांवरून उष्णतेकडे सरकला. उरुग्वे आणि दक्षिण ब्राझीलमध्ये माते धातूच्या नळीने ओढून पितात. कढत द्रव ओठ आणि जिभेच्या टोकाला चुकवून थेट मागे पोहोचतो. डी जोंग यांचे मोजमाप इथे पुन्हा आठवावे.

२-ए हा गट पुराव्याची ताकद सांगतो, धोक्याचे आकारमान नव्हे. वर्तमानपत्रांनी ही गल्लत तेव्हा पुष्कळ केली, आणि ती अजून चालू आहे. उष्णता एकटी काय करते आणि इतरांच्या साथीने काय करते, हेही वेगळे पाहावे लागते. चीनमधल्या साडेचार लाखांहून अधिक लोकांच्या अभ्यासाचा निष्कर्ष २०१८ मध्ये आला. रोज कढत चहा आणि त्याच्या जोडीला भरपूर मद्य घेणाऱ्यांत धोका पाचपट होता. तंबाखू-मद्य नसलेल्यांत केवळ कढत चहाने तो वाढलेला दिसला नाही. उंदरांवरच्या प्रयोगांतही ६५ अंशांपुढचे पाणी कर्करोगकारक नायट्रोसामाइनच्या जोडीने दिले, तेव्हा गाठी वाढल्या. भाजलेले अस्तर पुन्हा पुन्हा नव्याने घडत राहते, आणि त्या धामधुमीत इतर विषांना आत शिरायला वाव मिळतो, असा यामागचा विचार आहे. मळलेली तंबाखू ओठात धरून टपरीवर कढत चहा घेणारी माणसे आपल्याकडे कमी नाहीत. हा अभ्यास आपण लक्ष देऊन वाचायला हवा.

आपल्या देशात काश्मीरचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. तिथे समोवारमधून ओतलेला मिठाचा नून चहा दिवसभर चालतो आणि अन्ननलिकेच्या कर्करोगाचे प्रमाण तिथे जास्त असल्याची नोंद १९९२ साली प्रसिद्ध झाली. त्याच काश्मीरने वैद्यकाला कांगडीचा कर्करोगही दाखवला होता. फिरन या पायघोळ अंगरख्याखाली कांगडी, म्हणजे निखाऱ्यांची शेगडी, पोटाशी धरून त्वचेवर वर्षानुवर्षे बसलेल्या शेकाचा तो परिणाम. एल्म्स्ली यांनी त्याविषयी १८६६ मध्ये लिहिले. त्वचेवर दिसणारी गोष्ट आत, न दिसणाऱ्या नळीत घडू शकते का, हा प्रश्न तिथे स्वाभाविकपणे उभा राहतो. नून चहात उष्णतेखेरीज इतर घटकही संशयित आहेत, म्हणून घाईने बोट एकावर ठेवू नये. आफ्रिकेत किलिमांजारोच्या पायथ्याशी लोक सरासरी सत्तर अंशांच्या आसपास चहा प्यायला सुरुवात करतात, असे तिथल्या मोजणीत आढळले आहे.

आता मूळ प्रश्नाकडे. एकदा बसलेल्या चटक्याने पुढे कर्करोग होतो, असे दाखवणारा पुरावा नाही, आणि बऱ्या झालेल्या रुग्णाला तसे भेडसावणे अन्यायाचे होईल. तरीही एका चटक्याचा आणि रोजच्या उष्णतेचा, हे दोन्ही अभ्यास एकत्र वाचावेत असे मला मनापासून वाटते. एंडोस्कोपी करणाऱ्यांकडे एकेका रुग्णाची बारकाईची नोंद आहे, पण तापमान जवळपास कधीच नाही. लोकसंख्येचा अभ्यास करणाऱ्यांकडे तापमान आहे, पण अस्तराचे चित्र नाही. घोटाचा आकार दोघांकडेही क्वचितच असतो. मधली जागा रिकामी आहे, आणि ती भरायला फार खर्चिक साधने लागत नाहीत.

महाराष्ट्रात हे काम करण्यासारखे आहे. आपल्याकडे चहा दुधाचा, उकळलेला, साखरेचा. टपरीवरच्या काचेच्या छोट्या ग्लासात तो कटिंग म्हणून मिळतो, घरात बशीत ओतून पितात. बशीत द्रव पसरतो, हवेला टेकणारा पृष्ठभाग वाढतो आणि चहा कपापेक्षा लवकर उतरतो. शहरातल्या झाकणाच्या कागदी कपात याच्या अगदी उलट होते. वैद्यकीय महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याने एक साधा अन्नाचा तापमापक, घड्याळ आणि मोजपात्र घेऊन टपरीवर बसावे. ओतताना किती अंश, पहिला घोट किती मिनिटांनी, तेव्हा किती अंश, ग्लास किती घोटांत रिकामा झाला, तोंडात तंबाखू होती का, एवढे लिहावे. सुखद आणि तरी न भाजणाऱ्या चहा-कॉफीचे तापमान सुमारे ५८ अंश असावे, असा हिशेब २००८ साली ब्राउन आणि डिलर यांनी मांडला आहे. आपला कटिंग त्याच्या वर आहे की खाली, हे पाहता येईल.

दवाखान्यातल्यांसाठी काम याहून सोपे आहे. गिळताना दुखते अशी तक्रार घेऊन आलेल्या प्रत्येकाच्या केस पेपरवर चार ओळी वाढवाव्यात: काय गिळले, कशातून, किती घाईने, आणि तोंड पोळले असूनही गिळले का. एंडोस्कोपी झाली तर इजा दातांपासून किती सेंटिमीटरवर सुरू झाली आणि कुठे संपली, हे लिहावे. काही आठवड्यांनी रुग्णाला पुन्हा बोलावून अस्तर कसे भरले ते नोंदवावे. जिल्ह्याच्या रुग्णालयात अशा वीस-पंचवीस नोंदी नीट जमल्या, तरी त्या त्या भागातले कोणते पदार्थ आणि कोणती घाई नळी भाजतात, हे तिथल्या डॉक्टरांना प्रथमच कागदावर दिसेल.